डोंगर पाहावा तो पायांनी

सृष्टिसौंदर्याचा आस्वाद घ्यायला रसिक डोळे लागतात, असे शाळेतल्या पहिल्या निबंधापासून आपल्या मनावर बिंबवलेले असते. माझे मत थोडे निराळे आहे. आधी पाय लागतात, मग पाठ लागते, आणि डोळ्यांचा नंबर तिसरा. गाडीतून उतरून कठड्याला टेकून पाच मिनिटांत जे दिसते त्याला मी देखावा म्हणेन. प्रदेश दिसायला मात्र चालावेच लागते, आणि तेही एक-दोन दिवस नव्हे. हे विधान पुष्कळांना आगाऊपणाचे वाटेल. म्हणून त्याची कारणे द्यायला हवीत.

गेल्या मार्गशीर्षात आम्ही चार मित्र पाठीवर बोचकी बांधून अकोले तालुक्यातल्या बारी गावातून निघालो आणि सह्याद्रीची धार धरून अकराव्या दिवशी भीमाशंकरला पोचलो. कळसूबाई, भंडारदरा, रतनगड, कात्राबाईची खिंड, पाचनई, हरिश्चंद्रगड, माळशेज, नाणेघाट, ढाकोबा, दुर्ग, आहुपे असा आमचा मार्ग होता. नकाशावर हे अंतर बोटभर भरते. पाठीवर तांदूळ, डाळ, स्टोव्ह, पांघरूण आणि पाण्याच्या बाटल्या असल्या म्हणजे ते किती भरते, हे ज्याचे त्याने अनुभवावे. परत आल्यावर जो तो एकच प्रश्न विचारू लागला, ‘सगळ्यात सुंदर काय पाहिलेत?’ प्रश्न साधा होता. पण उत्तर देताना आमच्या चौघांतच वाद पेटला, आणि त्या वादातून हा लेख निघाला.

बहुमताचा कौल अर्थातच हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याला पडला. त्यात नवल नाही. नागाच्या फण्यासारखा आत वळलेला तो काळा कातळ हजार फुटांहून अधिक खोल कोसळतो आणि खाली कोकण एखाद्या अंथरलेल्या घोंगडीसारखे पसरलेले दिसते. काठावर पालथे पडून डोके पुढे काढले की पोटात खड्डा पडतो. याच कड्यावरून १८३५ साली कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने इंद्रवज्र, म्हणजे पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य, पाहिल्याचे सांगतात. पाठीमागे सूर्य आणि समोर दरीतून वर येणारे धुके असा योग जुळला, तर त्या वर्तुळाच्या मध्यभागी पाहणाऱ्याची स्वतःचीच सावली पडते. आम्हाला तो योग लाभला नाही. पण कडा तेवढ्याने उणा झाला नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हाचे थरावर थर वाहिले, थिजले, आणि त्यांचा हा सह्याद्री झाला. कोकणकड्यावर ते थर वहीच्या पानांसारखे मोजता येतात. माणसाला आपण किती अल्पजीवी आहोत हे इतक्या थोड्या वेळात समजावून सांगणारी दुसरी जागा मला ठाऊक नाही.

तरीही माझे मत कोकणकड्याला नाही.

कारण सांगण्यापूर्वी आणखी दोन दृश्यांचा उल्लेख करतो. पहिले भंडारदऱ्याच्या जलाशयाचे. रतनगडाच्या नेढ्यात वारा खात बसले की खाली निळ्या पाण्याची बोटे डोंगरांच्या कुशीत शिरलेली दिसतात. छायाचित्रांच्या संग्रहात हे चित्र ‘निसर्ग’ या सदराखाली असते. वस्तुतः तो निसर्ग नव्हे. १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाने अडवलेली ती प्रवरा आहे. तिचे पाणी कालव्यांनी पूर्वेकडे जाते आणि तिकडच्या उसाला मिळते. ज्या रतनगडाच्या कुशीत प्रवरा उगम पावते, त्याच्या पायथ्याच्या परिसरात सबंध जिल्ह्यातला सर्वांत जास्त पाऊस कोसळतो. आणि इकडच्याच वाड्यावस्त्यांतल्या बायका चैत्र-वैशाखात हंडे घेऊन झऱ्याच्या शोधात उतरतात. पाऊस चार महिने पडतो, कातळ तो धरून ठेवत नाही, उतार त्याला थांबू देत नाही, आणि जे थांबते ते दुसऱ्याचे असते. पाचनईला ज्या घरी आम्ही उतरलो होतो तिथल्या आजीबाईंना मी कौतुकाने म्हणालो, ‘‘आजी, तुमचा मुलूख फार देखणा हाय बघा.’’ त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, ‘‘देखणा हाय रं बाबा. पर शिमगा सरल्यावर ये, मंग सांग.’’ या एका वाक्यात सौंदर्यशास्त्राचा एक संपूर्ण तास होता, असे मी मानतो.

दुसरे दृश्य नाणेघाटाचे. इथल्या अरुंद घळीतून दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याकडून येणारा माल जुन्नरला आणि पुढे प्रतिष्ठानला जात असे. गुहेतला सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आणि घाटमाथ्यावरचा, जकातीची नाणी टाकण्यासाठी होता असे सांगितला जाणारा दगडी रांजण, या दोन गोष्टी डोळ्यांसमोर आल्या की समोरची दरी नुसती दरी उरत नाही. तिच्यातून बैलांच्या घंटा ऐकू येऊ लागतात. जीवधनाचा कडा आणि त्याला खेटून उभा असलेला वानरलिंगी सुळका यांच्याकडे व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर ते पहारेकरी वाटतात. म्हणजे एकच दगड. पण पाहणाऱ्याला ठाऊक काय आहे, त्यावर तो किती बोलतो हे ठरते.

आता माझे मत. या अकरा दिवसांत मला सर्वांत सुंदर वाटली ती आहुप्याची देवराई.

मित्रांनी या निवडीची यथेच्छ थट्टा केली. देवराईत दूरवर दिसत नाही. छायाचित्र काढायला गेले तर हिरवा-काळा गोंधळ येतो. कडा नाही, दरी नाही, ‘व्ह्यू’ नाही. खरे आहे. भर दुपारी उघड्या माळावरून आत पाऊल टाकले की आधी फक्त गारवा कळतो. मग डोळे सरावतात, आणि हिरडा, जांभूळ, आंबा यांचे प्रचंड बुंधे एकेक करून पुढे येतात. गारंबीच्या मनगटाएवढ्या जाड वेली या झाडावरून त्या झाडावर गेलेल्या असतात. पायाखाली पाचोळ्याचा थर इतका की पावलांचा आवाजच बदलतो. मार्गशीर्षातही माती ओलसर असते. मध्येच भैरवनाथाचे ठाणे. वर कुठेतरी फांद्यांत खसपस होते आणि तांबूस शेपटीचा शेकरू क्षणभर दर्शन देऊन पसार होतो.

माझा युक्तिवाद असा आहे. कोकणकडा आपण असलो काय, नसलो काय, उभाच राहणार आहे. त्याच्या थोरवीत माणसाचा काडीचाही वाटा नाही. देवराई मात्र उभी आहे ती पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी हात आवरला म्हणून. ही माणसे काही खाऊनपिऊन सुखी नव्हती. त्यांच्या चुलीला लाकूड लागत होते, घराला वासे लागत होते, नाचणी-वरईच्या शेतात राब भाजायला फांद्या लागत होत्या. हाताशी एवढे जंगल असताना, कुऱ्हाड खांद्यावर असताना, ‘हे देवाचे’ म्हणून ती माणसे पुढे गेली. या संयमाला मी सौंदर्य म्हणतो. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या अभ्यासकांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा शोध घेऊन त्यांचे शास्त्रीय मोल जगापुढे मांडले. आसपास जी झाडे नामशेष झाली ती इथे टिकली, झरे टिकले, बी-बियाणे टिकले. भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ साली झाले. आहुप्याच्या भैरवनाथाने त्याच्या कितीतरी आधीपासून, वनरक्षक न नेमता, ते काम चालवले होते.

यावर दोन आक्षेप येतात, त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा की हे सौंदर्य नव्हे, उपयुक्तता आहे. रसिकाने रूप पाहावे, हिशेब पाहू नये. मला हा भेद पटत नाही. वाङ्मयाच्या तासाला आपण कवितेतला एक शब्द कुठून आला याचा मागोवा घेतो, आणि त्यामुळे कविता कमी न होता वाढते. मग झाड कसे टिकले हे जाणल्याने त्याचे रूप उणे कसे होईल? दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. देवराया राखल्या त्या भीतीपोटी, आणि शिकलेल्या माणसाने भीतीची तरफदारी करावी काय? मी भीतीची तरफदारी करत नाही. पण भीती गेल्यावर तिची जागा कशाने भरली, हे विचारण्याचा हक्क मला आहे. आज कित्येक ठिकाणी देवराईतल्या उघड्यावरच्या देवाला सिमेंटचे देऊळ आणि पत्र्याचा मंडप हवासा वाटू लागला आहे, आणि त्या जीर्णोद्धारासाठी त्याच देवाची झाडे विकली जातात. देव राहतो आणि राई जाते. ही काही अंधश्रद्धेवर विवेकाने केलेली मात नव्हे. श्रद्धेने आवरलेला हात लोभाने सोडवून घेतला, एवढाच त्याचा अर्थ.

आणि हा प्रश्न नुसत्या रसिकतेचा नाही. आहुपे आणि डिंभे धरण यांच्या परिसरातच माळीण हे गाव आहे. ३० जुलै २०१४ रोजी पहाटेनंतर मुसळधार पावसात डोंगराचा एक भाग सुटला आणि गावावर आला. दीडशेवर माणसे गाडली गेली. नेहमीच्या रस्त्याने आलेल्या एस.टी.च्या चालकाला गाव जागेवर दिसेना, तेव्हा बाहेरच्या जगाला बातमी कळली. त्यानंतर २०२१ साली महाडजवळचे तळिये झाले, २०२३ साली खालापूरची इर्शाळवाडी झाली. प्रत्येक ठिकाणची कारणे निराळी असतील, आणि त्यांवर तज्ज्ञांनीच बोलावे. पण कोसळत्या पावसाच्या या मुलखात उतारावरची माती धरून ठेवायला झाडांची मुळे मोलाची आहेत, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. म्हणून पावसाळ्यात घाटात गाडी थांबवून ‘काय सुंदर हिरवे डोंगर!’ म्हणणाऱ्यांना मला नम्रपणे सुचवावेसे वाटते की त्या हिरवाईत गवत किती आणि झाड किती, हे एकदा पाहावे. गवताची हिरवाई दिवाळीनंतर उडते. आम्ही तिच्यामागची उघडी माती पाहत अकरा दिवस चाललो.

इथे ‘चालण्या’चा मुद्दा पुन्हा येतो. एकट्या कोकणकड्यावर शनिवारी रात्री जाऊन रविवारी परतणाऱ्याला कडा दिसतो, त्याचबरोबर तंबूंची रांग आणि प्लॅस्टिकच्या बाटल्यांचा ढीगही दिसतो. पण कड्याच्या मागे काय आहे ते दिसत नाही. सलग चालणाऱ्याला मात्र एक दृश्य दुसऱ्याचा अर्थ सांगते. धरणाचे पाणी पाहून आलेल्या डोळ्यांना पाचनईचा रिकामा हंडा दिसतो. उघडा माळ तुडवून आलेल्या पायांना देवराईचा गारवा कळतो. सात-आठ वर्षांतून एकदाच फुलणारी कारवी आज नुसत्या काटक्यांची दिसते. पण तिच्याच काटक्यांचे कुड रचून, वर शेणमातीचा गिलावा देऊन उभ्या केलेल्या घरात रात्र काढली की तिच्या फुलण्याची वाट पाहावीशी वाटते. माळशेजनंतर भेटलेल्या हिरड्याच्या झाडांकडे आम्ही सावली म्हणून पाहत होतो. त्या हिरड्यावर इथल्या महादेव कोळी कुटुंबांची वर्षाची मीठमिरची चालते, हे कळल्यावर झाडाचे रूपच पालटले.

२०१२ साली पश्चिम घाटातल्या एकूण ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आपल्या महाराष्ट्रातली कास, कोयना, चांदोली, राधानगरी ही त्यांत आहेत. अभिमान जरूर वाटावा. पण वारसा या शब्दाला आपल्याकडे दोन बाजू आहेत. वारस इस्टेट घेतो, तसे कर्जही फेडतो. आपली पिढी इस्टेटीची छायाचित्रे काढण्यात फार पुढे आहे. कर्जाच्या वहीकडे पाहायला कोणी तयार नाही.

म्हणून महाविद्यालयातल्या मित्रमैत्रिणींना एक सूचना करून थांबतो. दरवर्षी आपली सहल बसने निघते, चार ठिकाणे ‘करते’ आणि गाण्याच्या भेंड्या खेळत परत येते. तिला माझा विरोध नाही. पण त्याबरोबरच एखाद्या वर्षी आठ-दहा जणांची छोटी तुकडी सलग आठवडाभर पायी काढावी. भूगोल, इतिहास, अर्थशास्त्र आणि मराठी या चारही विभागांतले विद्यार्थी तीत असावेत. म्हणजे एकाने थर ओळखावेत, दुसऱ्याने लेख वाचावा, तिसऱ्याने हिरड्याचा भाव विचारावा आणि चौथ्याने गावातला शब्द टिपावा. मुक्काम गावात करावा, जेवणाचे पैसे न घासाघीस करता द्यावेत, आपला कचरा आपल्याच पाठीवर परत आणावा. आणि वाटेत एखादी देवराई लागली तर आत जाताना पायताण बाहेर काढावे. देव मानत असाल तर देवासाठी, नसाल तर ज्यांनी ती आजवर राखली त्यांच्यासाठी.