फुरसुंगीचा पोरगा म्हातारा का होत नाही?

आमच्या वडनेर भोलजीत पन्नाशीतली माणसेही ‘फास्टर फेणे’ हाती आला की सोडत नाहीत. मला यात नवल वाटत नाही. भा. रा. भागवतांचा, पुण्याजवळच्या फुरसुंगीचा हा बनेश फेणे संकट दिसताच थोरांच्या परवानगीची वाट न पाहता धावतो. आपण संसारी माणसे पाऊल उचलण्याआधी दहादा हिशेब करतो. २०१७ च्या चित्रपटात बनेश तरुण झाला, पण ही खोड सुटली नाही. बालपणीच्या आठवणींची गोडी आहेच. त्याहून अधिक म्हणजे आपली हरवलेली हिंमत आपण त्या पानांत शोधतो. तेव्हा पुस्तक वाचून झाले की पोरांच्या हाती द्या. आणि उद्या तीही कुणासाठी धावली, तर त्यांना रागावू नका.