आधीं आभार, मग मागणें

ख्रिस्तजन्माचा उत्सव एका दिवसाचा, अशी आमची बरेच दिवस समजूत होती. कॅथॉलिक पंथांत तो आठ दिवस चालतो. २५ डिसेंबरला आरंभ आणि १ जानेवारीस, देवमाता मरियेच्या सणानें, समाप्ति. पण पाळण्याच्या अगदीं शेजारीं, दुसऱ्याच दिवशीं, धर्मासाठीं दगडांचा मार खाऊन मेलेल्या स्तेफनाचें स्मरण येतें. आणि २८ तारखेस हेरोद राजानें मारविलेल्या बेथलेहेमच्या अर्भकांचें! बारशाच्या घरीं मृत्यूचें नांव कोण काढतो?

मग ३१ तारखेस सायंकाळीं सरत्या वर्षाच्या उपकारस्मरणार्थ ‘ते देऊम’ हें जुनें लॅटिन स्तोत्र गातात. पवित्र आत्म्याचें आवाहन दुसऱ्या दिवशीं. आधीं आभार, मग मागणें. आमच्या संकल्पांत मागणेंच पुढें असतें, हें जन्मभर संस्कृत शिकविलेल्या आम्हांस कबूल केलें पाहिजे.

यंदा आमच्या शेजारचा पाट रिकामा झाला. चाळीस वर्षांची सोबत सरली. असल्या वर्षाचे आभार कसे मानावे? परंतु अर्भकांस आठवून तीनच दिवसांनीं जे आभार मानतात, ते दुःख विसरून मानीत नसावेत.

गेल्या ३१ डिसेंबरला दिवेलागणीस आम्हीं देवापुढें हात जोडले. ओठीं प्रथम आलें तें तिचें नांव. आभाराचा शब्द त्यामागून, बऱ्याच वेळानें आला.