तीन चमचे साखर

मधल्या सुट्टीची घंटा व्हायची आहे. खिचडी अजून चुलीवर आहे. मागल्या बाकावरची मुलगी घामाने डबडबते, तिचे हात कापू लागतात, विचारलेल्या प्रश्नाला ती भलतेच उत्तर देते. गुरुजींना वाटते, पोरीचे लक्ष नाही. काही वेळाने ती कोसळते, तेव्हा कोणी कांदा हुंगवतो, कोणी दृष्ट काढण्याची भाषा बोलतो. मधुमेही मुलाच्या बाबतीत हा प्रसंग कोणत्याही शाळेत, कोणत्याही दिवशी उद्भवू शकतो. आणि वेळीच ओळखल्यास त्यावरचा उपाय तीन चमचे साखरेचा असतो.

बालवयात जडणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीर स्वतःचे इन्सुलिन जवळजवळ तयारच करीत नाही. एके काळी हे निदान म्हणजे मृत्यूचे फर्मान होते. 1921 साली टोरोंटोत इन्सुलिनचा शोध लागला आणि 1922 च्या जानेवारीत चौदा वर्षांच्या एका मुलाला ते प्रथम टोचण्यात आले. शोधकर्त्यांनी 1923 साली त्याचे हक्क विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले. तेव्हापासून ही मुले जगू लागली. परंतु टोचलेले इन्सुलिन ताट वाढले गेले की नाही, हे पाहत नाही. जेवण लांबले, खेळ जास्त झाला वा मात्रा चुकली, की रक्तातील साखर घसरते. शंभर मिलिलीटर रक्तात ती 70 मिलिग्रॅमच्या खाली गेली, की धोक्याची घंटा वाजली असे समजावे.

उपाय सोपा आहे. मूल शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर सुमारे 15 ग्रॅम, म्हणजे तीन चहाचे चमचे, साखर वा ग्लुकोज पाण्यात विरघळवून द्यावे. अगदी लहान मुलाला वजनाच्या मानाने कमी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. साखर वर आली नसेल तर पुन्हा द्यावे. नंतर, जेवणाला अवकाश असल्यास, भाकरी-पोळी खाऊ घालावी. चॉकलेटवर विसंबू नये. त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. मोजण्याचे यंत्र जवळ नसेल, तरी नुसत्या संशयावरून साखर द्यावी. मूल बेशुद्ध असेल किंवा त्याला झटके येत असतील, तर मात्र तोंडात काहीही घालू नये. त्याला कुशीवर वळवून तातडीने दवाखाना गाठावा. तेथे शिरेतून ग्लुकोज किंवा ग्लुकॅगॉनचे इंजेक्शन देता येते.

मग अडते कोठे? पहिली अडचण अज्ञानाची. ‘साखरेचा आजार’ या शब्दानेच घात केला आहे. आजार साखरेचा, म्हणून साखर वर्ज्य, अशी समजूत घरीदारी रुजलेली असते आणि जे औषध तेच विष मानले जाते. मुलीच्या बाबतीत तर पुढे लग्न जमणार नाही, या धास्तीने आजारच लपविला जातो. शाळेला पत्ताच नसतो.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. ‘वेळेवर इन्सुलिन, वेळेवर जेवण’ हा सल्ला ज्यांची चूल मजुरीच्या हिशोबाने पेटते, त्यांना कोणत्या तोंडाने द्यावा? ऊसतोडीच्या कोपीत, विटभट्टीवर, झोपडपट्टीत जेवणाची वेळ आई ठरवीत नाही, मुकादम ठरवतो. दिवसातून अनेकदा रक्त तपासायचे, तर पट्ट्यांचा खर्च रोजंदारीला झेपत नाही. रात्री झोपेत साखर उतरेल, या भीतीने आई जागी राहते आणि पहाटे पुन्हा कामावर जाते. ज्या राज्यात साखर कारखान्यांवर सत्तेचे राजकारण उभे राहिले, तेथे ऊसतोड्याचे मूल साखरेच्या चार दाण्यांअभावी दगावावे, याहून मोठी विटंबना कोणती?

हे अटळ नाही. केरळ सरकार ‘मिठायी’ योजनेतून अशा मुलांना मोफत इन्सुलिन आणि साधने पुरविते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने 2017 साली मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षागृहात साखरेच्या गोळ्या व खाऊ नेण्याची मुभा दिली. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने 2023 साली शाळांतील अशा मुलांच्या काळजीविषयी पावले उचलली. परंतु परिपत्रके मुलाच्या तोंडात साखर घालीत नाहीत. ते माणसांनाच करावे लागते.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात : प्रत्येक शाळेत आणि आश्रमशाळेत ग्लुकोजचा पुडा व तो केव्हा द्यायचा हे जाणणारे किमान दोन शिक्षक, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात इन्सुलिन, तपासणीच्या पट्ट्या आणि ग्लुकॅगॉन, आणि हे सारे विनामूल्य. सरकार हलेपर्यंत कार्यकर्त्यांनी हात बांधून बसण्याचे कारण नाही. आपल्या गावच्या शाळेत जावे, गुरुजींशी आणि खिचडी शिजविणाऱ्या ताईंशी बोलावे, अशा मुलाच्या घरी जाऊन आईला धीर द्यावा. क्रांतीच्या गोष्टी सांगणाऱ्याला तीन चमचे साखरेचे काम क्षुल्लक वाटू नये. ज्या मुलाचा जीव त्यावर अवलंबून आहे, त्याला ते मुळीच क्षुल्लक नाही.