विश्लेषण : आयपीएलच्याही आधीचा ‘क्रिकेट ०७’ अजून का खेळला जातो?

सोपे नियंत्रण, साध्या लॅपटॉपवर चालण्याची सोय आणि चाहत्यांनी केलेले बदल यांमुळे हा गेम टिकला. मात्र तो अधिकृतपणे विकतच मिळत नाही, आणि खरी अडचण तिथे आहे.

नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी नमवून विश्वचषक जिंकला. याच मैदानावर २००८ मध्ये पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना झाला होता. इंजिनीअरिंगच्या अनेक वसतिगृहांत आजही लॅपटॉपवर उघडला जाणारा ‘क्रिकेट ०७’ मात्र इतका जुना आहे, की मूळ गेममध्ये ना हे स्टेडियम आहे, ना आयपीएल, ना महिला संघ. तरीही तो मागे पडलेला नाही.

‘क्रिकेट ०७’ नेमका काय आहे?

ईए स्पोर्ट्सने नोव्हेंबर २००६ मध्ये पीसी आणि प्लेस्टेशन २ साठी हा गेम आणला. कॅनडातील एचबी स्टुडिओजने तो तयार केला होता. त्या वर्षीच्या अ‍ॅशेस मालिकेचे निमित्त होते. समालोचन रिची बेनो आणि मार्क निकोलस यांचे होते. बेनो यांचे २०१५ मध्ये निधन झाले, पण गेममध्ये त्यांचा आवाज कायम आहे. त्यानंतर ईएने पीसी किंवा कन्सोलसाठी क्रिकेटचा एकही नवा गेम काढला नाही. मालिका तिथेच थांबली आणि चाहते शेवटच्या आवृत्तीला चिकटून राहिले.

ग्राफिक्स जुने होऊनही खटकत का नाहीत?

जुना गेम ‘म्हातारा’ दिसतो तो मुख्यतः चेहऱ्यांमुळे. ‘क्रिकेट ०७’मध्ये कॅमेरा बहुतेक वेळ टीव्हीवरच्या सामन्यासारखा दूर असतो. खेळणाऱ्याची नजर चेंडूचा टप्पा, फलंदाजाचे पाय आणि क्षेत्ररक्षणातील मोकळ्या जागा यांवर असते आणि हे तिन्ही स्पष्ट दिसते. रिप्लेमध्ये कॅमेरा जवळ गेला की मात्र वय लपत नाही.

दुसरे कारण नियंत्रणाचे. दिशेची कळ, फटक्याची कळ आणि टायमिंग एवढ्यावर फलंदाजी उभी आहे. शिकायला पाच मिनिटे पुरतात, पण कठीण पातळीवर कसोटी वाचवायला संयम लागतो. दोषही आहेत. संगणकाची गोलंदाजी काही काळाने ओळखता येते आणि ठरावीक फटक्यांवर धावा लुटता येतात. मित्राविरुद्ध खेळताना हा प्रश्न उरत नाही, म्हणून दोघांच्या सामन्यात तो अधिक रंगतो.

तिसरे कारण खर्चाचे. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या साध्या लॅपटॉपवरही हा गेम चालतो आणि इंटरनेट लागत नाही.

चाहत्यांनी तो जिवंत कसा ठेवला?

भारतासह काही संघांचे परवाने नसल्याने मूळ गेममध्ये त्यांच्या खेळाडूंची नावे बदललेली होती. सुरुवात ती दुरुस्त करण्यापासून झाली. खेळाडूंची यादी, जर्सी आणि मैदाने वेगवेगळ्या फाइलमध्ये असल्याने त्या बदलणे शक्य होते. पुढे चाहत्यांनी आयपीएलचे संघ, नवी मैदाने, नव्या बॅट आणि धावफलक बनवले. त्यांना ‘पॅच’ किंवा ‘मॉड’ म्हणतात.

‘एज ऑफ एम्पायर्स २’ (१९९९) याच वाटेने टिकला. त्याच्या चाहत्यांनी केलेल्या बदलातून २०१३ मध्ये ‘द फरगॉटन’ ही अधिकृत पुरवणी झाली, २०१९ मध्ये नवी आवृत्ती आली आणि २०२२ मध्ये ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’. फरक एवढाच, की तिथे कंपनीने चाहत्यांना सोबत घेतले.

नुसते ग्राफिक्स सुधारून भागते का?

नाही. ‘वाइस सिटी’ आणि ‘सॅन अँड्रियास’ यांचा समावेश असलेला जीटीएचा सुधारित संच नोव्हेंबर २०२१ मध्ये आला, तेव्हा विद्रूप चेहरे आणि तांत्रिक चुकांमुळे रॉकस्टारला माफी मागावी लागली. विक्रीतून काढलेल्या जुन्या पीसी आवृत्त्याही परत द्याव्या लागल्या. धुके आणि मंद रंग हा त्या काळच्या तांत्रिक मर्यादेवरचा उपाय होता. तो काढल्यावर शहर लहान आणि उघडे वाटू लागले.

मग अडचण कुठे आहे?

‘क्रिकेट ०७’ स्टीमसारख्या डिजिटल दुकानात नाही. मूळ सीडी जवळ असली तरी आजच्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसतो. शिवाय त्या काळातील अनेक सीडींवरची ‘सेफडिस्क’ ही सुरक्षा प्रणाली विंडोज १० ने २०१५ पासून बंद केली. त्यामुळे बहुतेक जण अनधिकृत प्रती उतरवतात आणि त्यांसोबत व्हायरसचा धोका येतो.

कंपनीने विक्री थांबवली म्हणून गेम सर्वांसाठी मोकळा होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ‘सोडून दिलेले सॉफ्टवेअर’ असा प्रकारच नाही. कलम ५२ नुसार, कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला ती खराब किंवा नष्ट होण्याच्या भीतीने बॅकअप घेता येतो. तो इतरांना वाटता येत नाही.

हा प्रश्न एका गेमपुरता नाही. व्हिडीओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासानुसार, अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या ८७ टक्के गेम बाजारात उपलब्ध नाहीत.

आजचे गेम वीस वर्षांनी खेळता येतील?

इथे चित्र अधिक अवघड आहे. मोबाइलवरचे बरेच गेम कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून असतात. युबिसॉफ्टने २०२४ मध्ये ‘द क्रू’चे सर्व्हर बंद केले, तेव्हा पैसे मोजलेल्यांनाही तो खेळता येईना. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘स्टॉप किलिंग गेम्स’ मोहिमेने युरोपात जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. गेम बंद करताना तो चालू राहील अशी सोय कंपनीने करावी, ही तिची मागणी.

‘क्रिकेट ०७’ टिकला, कारण तो पूर्णपणे खेळणाऱ्याच्या संगणकात होता. कंपनी निघून गेली तरी खेळ थांबला नाही. सर्व्हरवरच्या गेमना ही मुभा नाही. त्यामुळे आज गेमवर पैसे खर्च करताना ग्राफिक्सआधी एक गोष्ट तपासावी : इंटरनेट बंद केल्यावर तो सुरू होतो का?