आपल्या माळावरची सफारी

दिवाळीची सुट्टी जवळ आली की प्रवासी कंपन्यांच्या जाहिरातींत हत्ती, सिंह आणि लाल वस्त्रातला मसाई माणूस हमखास दिसतो. केनिया-टांझानिया, आठ दिवस, शाकाहारी जेवणासह! ज्यांना परवडते त्यांनी जरूर जावे. सेरेंगेटीचे मैदान एकदा पाहावे असेच आहे. पण निपाणी-चिकोडीकडच्या वाचकांनी जाण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शंभर वर्षांपूर्वी आफ्रिकेचा एक पाहुणा आपल्याच शेजारी येऊन राहिला होता.

कोल्हापूर दरबारात चित्त्याकडून काळवीट धरण्याची शिकार चाले. चित्त्यांना शिकवणारे चित्तेवान दरबारचे नोकर असत. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता गाडीतून माळावर न्यायचा, कळप दिसला की टोपी काढून त्याला सोडायचे, अशी ती रीत. पुढे देशी चित्ते मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूर, भावनगर अशा संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते मागवले. आपले रायबाग त्या वेळी कोल्हापूर संस्थानातच होते. देशातले शेवटचे म्हणून नोंदले गेलेले तीन चित्ते १९४७ साली आजच्या छत्तीसगडमधील कोरिया संस्थानच्या राजाने मारले आणि १९५२ साली सरकारने चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर केले. २०२२ साली नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनोला आले, तेव्हा केवढे कौतुक झाले! कोल्हापूरकरांना मात्र त्यात तसे नवल नव्हते.

आफ्रिकेचे जनावर इथे धावू शकले, कारण जमीन आणि पाऊस त्याच्या ओळखीचे होते. सह्याद्रीच्या माथ्यावर आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. पूर्वेला अथणीपर्यंत गेलो की तो सहाशेच्या आसपास येतो. सेरेंगेटीच्या आग्नेय भागात, जिथे आखूड गवताची मैदाने आहेत, तिथेही पाचशेच्याच आसपास पडतो. एवढ्या पावसात दाट जंगल उभे राहत नाही. गवत, बोरी-बाभळी आणि मोकळे आकाश, हेच तिथले रान. ते उजाड नसते, त्याचा स्वभावच तसा असतो.

या रानातल्या प्राण्यांना आपल्या दोन्ही भाषांत सुंदर नावे आहेत. काळविटाला धारवाडकडे चिगरी म्हणतात. वर्गात मी 'चिगरी म्हणजे काय?' असे विचारले, तर बहुतेकांनी हुबळी-धारवाडची बस सांगितली. बसला नाव ज्याच्यावरून दिले, तो प्राणी कोणी पाहिलेला नव्हता. लांडगा म्हणजे तोळ. आणि माळढोकाला कन्नडमध्ये एरेभूत म्हणतात. एरे म्हणजे काळी जमीन. त्या काळ्या रानात एकटाच उभा राहणारा, मीटरभर उंचीचा पक्षी पाहून ज्याने हे नाव ठेवले, त्याच्या नजरेला दाद द्यावी. हा पक्षी बहुधा वर्षाला एकच अंडे घालतो आणि तेही उघड्या जमिनीवर. आज देशात दीडशेच्या आसपास उरलेत, त्यांतले बहुतेक राजस्थानात. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झाले, तरी अलीकडे तिथे एखादा दिसला तरी बातमी होते. राणेबेन्नूरलाही पूर्वी माळढोक होते. तिथल्या गवताळ रानात निलगिरी लावली गेली, आणि माळढोक संपले.

इथेच आपली गफलत होते. मोकळा माळ दिसला की आपण त्याला पडीक म्हणतो. सरकारी दप्तरातही पडीक हाच शब्द बसला आहे. मग पडीक जमिनीचे काहीतरी 'चांगले' करायला हवे म्हणून तिथे झाडे लावतात, प्लॉट पाडतात, सौर पट्ट्या बसवतात. गायरान हा शब्द आपल्या दोन्ही भाषांत चालतो, गायरान मात्र गावोगावी आक्रसत चालले आहे. वृक्षारोपणाला विरोध करा असे मी म्हणत नाही. झाड कुठे लावावे, एवढे मात्र विचारायला हवे.

जाहिरातीत दुसरा शब्द असतो 'सांस्कृतिक सफारी'. मसाई गावात पर्यटकांसाठी उंच उड्यांचे नृत्य होते, फोटो निघतात. पण १९५९ साली याच मसाईंना राष्ट्रीय उद्यानासाठी सेरेंगेटीतून उठवून शेजारच्या न्गोरोंगोरोत नेले होते. २०२२ साली लोलिओंडोत त्यांच्या जमिनीवरून पुन्हा संघर्ष पेटला. प्राणी वाचवायचे म्हणून गुराख्याला हाकलायचे आणि वर त्याचेच नृत्य बघायचे, हे काही बरे नव्हे.

आपल्याकडचा मसाई म्हणजे धनगर, कन्नडमधला कुरुब. ओल्या जमिनीत मेंढीचे खूर कुजतात, म्हणून पावसाळ्यात त्याला कोरडा माळ लागतो. सुगी झाली की तो शेतात मेंढरे बसवतो. शेतकऱ्याला खत मिळते, त्याला धान्य किंवा पैसे. त्याचा बिरोबा तोच कन्नडचा बीरप्पा, आणि त्याची घोंगडी तीच आपल्या अज्जीची कंबळी. दिवाळीच्या अमावास्येला मंगळवेढ्याजवळच्या हुलजंतीत महालिंगरायाच्या यात्रेला दोन्ही भाषांचे धनगर एकत्र येतात, पालख्यांच्या भेटी होतात. सीमेवरचा वाद तिथे कोणी काढत नाही. निपाणीकरांना त्याहून जवळ पट्टणकोडोली आहे. तिथल्या विठ्ठल-बिरदेव यात्रेत भंडाऱ्याने सारी वाट पिवळी होते आणि फरांदेबाबांची भाकणूक ऐकायला लाखो माणसे जमतात. तिथे बघे म्हणून जाऊ नका, पाहुणे म्हणून जा. फोटोआधी दोन शब्द बोला. त्यांची मेंढरे यंदा कुठे चरली, हे विचारलेत तरी माळाची अर्धी हकीकत समजेल.

प्राणी पाहायचे तर राणेबेन्नूर बेळगावहून महामार्गाने सुमारे दोनशे किलोमीटर आहे. काळवीट तिथे आजही कळपाने दिसतात. पुणे वनविभागाने इंदापूरजवळ कडबनवाडी आणि बारामतीजवळ शिर्सुफळ इथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. चिंकारा, खोकड आणि नशीब असेल तर लांडगा दिसतो. थंडीत पहाटे निघावे, मातकट रंगाचे कपडे घालावेत, गाडी ठरलेल्या वाटेवरच ठेवावी. लांडग्याच्या पिलांचे ठिकाण कळले तर ते कोणाला सांगू नये, मोबाईलवर तर मुळीच टाकू नये.

आणि हो, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना सोबत घ्या. अथणी, रायबाग, चिकोडीकडच्या पुष्कळ आजी-आजोबांनी लहानपणी गुरे राखली आहेत. कुठल्या गवताला काय म्हणतात, ते मराठीतही सांगतील, कन्नडमध्येही. मुलांनी दोन्ही नावे वहीत लिहून घ्यावीत. माळ उरला तर ती उपयोगी पडतील, आणि नावे माहीत असली तर माळ उरावा असे त्यांनाही वाटेल.