बिनपाटीची वाहने, बेवारस जबाबदारी

एके काळी महाराष्ट्रातील अनेक शहरांत साध्या सायकलीलाही नगरपालिकेचा बिल्ला लावावा लागे आणि तो नसला तर सायकल अडविली जाई. लोकांनी त्याबद्दल कुरकुरही पुष्कळ केली. आज मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवरून दिवसभर घरपोच माल पोहोचविणाऱ्या विजेच्या कित्येक स्कूटरींना बिल्ला नाही, क्रमांक नाही. आणि त्याविषयी सरकारदरबारी कोणी अस्वस्थ झालेले आम्हांस दिसत नाही.

कायदा मुका आहे असे नव्हे. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात मालवाहू वाहनाची व्याख्या चांगली ऐसपैस आहे. मालासाठी न बांधलेले वाहनसुद्धा माल नेण्याकरिता वापरले गेले की मालवाहू ठरते. अशा वाहनाला पिवळी पाटी व काळी अक्षरे, आणि विजेवरचे असल्यास 2018 पासून हिरवी पाटी व पिवळी अक्षरे. लहान टेंपोचा मालक हे निमूटपणे पाळतो, वजनाचे आकडे गाडीच्या अंगावर रंगवितो, पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी व पुढे दरवर्षी ती तपासून घेतो. त्याच दुकानाचा माल नेणारी दुचाकी मात्र पांढऱ्या पाटीवर, म्हणजे घरगुती वाहन म्हणून, सुखेनैव धावते.

पांढऱ्या पाटीवर निदान क्रमांक तरी असतो. ज्या विजेच्या वाहनाची शक्ती 250 वॅटपेक्षा कमी, वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन 60 किलोपर्यंत, ते केंद्रीय नियमांनुसार मोटार वाहनच नव्हे! त्याला नोंदणी नको, विमा नको. चालकाला परवाना नको. घरच्या कामापुरती ही सवलत अनुचित नाही. पण तिच्या आडोशाने व्यापार चालू लागला, आणि मोटरीत फेरफार करून वेग वाढविण्याचे प्रकार इतके बोकाळले की 2022 साली राज्याच्या परिवहन खात्याला त्यांविरुद्ध मोहीम काढावी लागली.

अज्ञात मोटार वाहन ठोकर देऊन पळाले आणि माणूस दगावला, तर 2022 पासून वारसांना 2 लाख रुपये मिळतात. गंभीर दुखापतीस 50 हजार. रक्कम तुटपुंजी आहे, पण आहे. जे वाहन कायद्याच्या लेखी मोटार वाहनच नव्हे, त्याने संध्याकाळी फिरावयास निघालेल्या एखाद्या पेन्शनराचे मांडीचे हाड मोडले, तर त्याने कोणाचे दार ठोठवावे? दिवाणी दावा लावावा म्हटले तरी प्रतिवादीचे नाव हवे. खुद्द चालकाचीही स्थिती बरी नाही. घरगुती वापराचा विमा काढून भाड्याचा माल नेणाऱ्या तरुणाला विमा कंपनी अपघातानंतर पॉलिसीतील अट दाखवून वाटेला लावू शकते.

यावर सांगितले जाते की, गरिबाच्या पोटावर पाय देऊ नका. आम्हांसही तो द्यावयाचा नाही. एकूण 3000 किलो वजनापर्यंतच्या मालवाहनांना परमिटाची सक्ती आधीच नाही. उरतो तो नोंदणीचा, पाटीचा आणि विम्याचा खर्च. तो, ज्यांचा माल आहे त्या कंपन्यांनी सोसावा. चालकाच्या पाठीवरच्या पेटीवर कंपनीचे नाव हातभर अक्षरांत झळकते. वाहनावर चार आकडे लिहावयास मात्र जागा सापडत नाही!

रविवारी एकदा बाहेर पडणाऱ्या घरगुती स्कूटरीला अतिसुरक्षित पाटी बसविण्यासाठी 2025 साली याच खात्याने मुदतीमागून मुदती दिल्या आणि दंडाची भीतीही घातली. तेवढीच तत्परता इकडेही दाखवावी. भाड्याचा माल नेणाऱ्या वाहनापुरती 250 वॅटची सवलत केंद्राने काढून घ्यावी. तोपर्यंत परिवहन आयुक्तांनी कंपन्यांकडून त्यांच्या कामावरील प्रत्येक वाहनाची आणि चालकाची यादी मागवावी. ती यादी देण्यास कोण किती दिवस लावतो, हे आम्ही याच स्थळी वाचकांना कळवीत राहू.