ड्रमसेट किती रुपयांचा घ्यावा?

आपण ड्रमसेट घेतलाय हे चार लोकांना कळलं की पहिला प्रश्न येतो, "कितीला पडला?" लगेच दुसरा, "मी घ्यायचा म्हटलं तर कितीपर्यंतचा घेऊ?" विचारणारा आपल्याच क्षेत्रातला असला तर त्याने आधीच चार मॉडेल्सची तुलना करणारी एक्सेल शीट बनवलेली असते. शेलचं लाकूड कुठलं, प्लायचे थर किती, पेडलची साखळी एकेरी की दुहेरी, सगळे रकाने तयार! एक रकाना मात्र मला आजवर कुणाच्याच शीटमध्ये दिसला नाही: हा सेट दुसऱ्या कुणाला वाजवायला देताना माझ्या पोटात गोळा येईल का?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा रकाना हाच. त्याचं उत्तर 'हो' असेल तर तो सेट आपल्यासाठी जास्त महाग आहे, मग बँकेत पैसे कितीही असोत.

आता पार्श्वभूमी सांगतो. मी मूळचा लोणखेड्याचा, म्हणजे नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याला लागून असलेल्या गावचा. नोकरी पुण्यात. ड्रमसेट मात्र गावी, आमच्या घरी. महिन्यातून एक-दोन वेळा शुक्रवारी रात्रीची ट्रॅव्हल्स पकडून जातो, कधी आठवडाभर तिथूनच काम करतो. "मग तो तुझ्याकडे असून नसल्यासारखाच की!" असं मित्र म्हणतात. म्हटलं, एकदा सविस्तर लिहूनच टाकू.

आधी फ्लॅटचा हिशोब उरकू. आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्र म्हणजे दहा ते सहा. ड्रमसेट जरा मोकळ्या हाताने वाजवला तर वाजवणाऱ्याच्या कानाशी १०० डेसिबल सहज होतात. डेसिबल हे लॉगरिदमिक प्रकरण असल्याने ५५ आणि १०० मधला फरक ऊर्जेच्या हिशोबात तीसेक हजार पटींचा होतो. त्यात बेस ड्रमचा धक्का हवेची वाट बघत बसत नाही, तो पेडलखालच्या फरशीतून स्लॅबमध्ये आणि स्लॅबमधून खालच्या काकूंच्या देवघरात पोचतो. भिंतींना फोम चिकटवून हे थांबत नाही. फोमने खोलीतला घुमारा कमी होतो, खालच्या काकूंना काही फरक पडत नाही.

लोणखेड्यात आमचं घर गावाच्या कडेला, मागे पपईचं शेत. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो, तेव्हा निम्मं काम शेतच करतं. सेट ठेवलाय तो कापसाच्या खोलीत. खान्देशात ही खोली काय असते ते सांगायला नको. भाव वाढायची वाट बघत कापूस जिथे मुक्काम करतो ती. कापसाचा ढीग कमरेएवढा असतो तेव्हा त्या खोलीतला आवाज असा काही घट्ट आणि सुंदर येतो, की स्टुडिओवाल्यांनी हेवा करावा. मग एक दिवस भाव बरा मिळतो, ट्रॅक्टर येतो, आणि खोली पुन्हा डब्यासारखी घुमायला लागते. आमच्या घरात कापसाला भाव मिळाल्याचं दुःख होणारा मी एकटाच :-)

तर मुद्दा किमतीचा. मध्यम किंमत म्हणजे किती? एका साध्या १०० सीसीच्या मोटारसायकलला पडतील त्याच्या आसपास. यामाहाचा स्टेज कस्टम बर्च लाकडाचा येतो, टामाचा इम्पिरियलस्टार पॉपलरचा येतो. साधारण ही जातकुळी. याच्या बऱ्याच खाली गेलात तर लाकडाआधी लोखंड दगा देतं. रिम नीट गोल नसते, लगचे आटे घसरतात, आणि पान कितीही किल्ली फिरवून ताणलं तरी दोन गाण्यांत उतरतं. (पान म्हणजे हेड. ढोलाला आपण पानच म्हणतो, मग ड्रमला वेगळं कशाला?) नवशिक्याला वाटतं आपला हात वाईट आहे, आणि तो महिनाभरात सोडून देतो. त्यामुळे अगदी स्वस्त सेट मी कुणालाच सुचवत नाही.

मध्यमच्या वर मात्र प्रत्येक जादा रुपयाला कमी कमी मिळत जातं. आजकाल मध्यम सेटचे शेलही व्यवस्थित गोल आणि कडा सरळ असतात. नवी पानं चढवून नीट सुरात लावलेला मध्यम सेट आणि त्याच्या चौपट किमतीचा सेट मला डोळे मिटून ओळखता येत नाहीत. ज्यांना येतात त्यांची परीक्षा घ्यायला मी तयार आहे. वाचलेले पैसे पानांत, पेडलमध्ये, बऱ्या स्टुलात आणि मुख्य म्हणजे झांजांत घालावेत. स्वस्त सेटबरोबर येणाऱ्या झांजा बहुधा पितळेच्या असतात, म्हणजे तांबं आणि जस्त. वाजवल्या की ताट पडल्यासारखं वाटतं. चांगल्या झांजा काशाच्या, म्हणजे तांबं आणि कथील. त्यातही ८ टक्के कथिलाच्या आणि २० टक्के कथिलाच्या असे दोन मुख्य प्रकार. वीस टक्क्यांचं मिश्रण आपल्या देवळातल्या घंटेच्या आणि आजीच्या काशाच्या थाळीच्या अगदी जवळचं. आपल्या लोकांना हा आवाज परका नाहीच.

पण हे सगळं तांत्रिक झालं. माझा खरा आक्षेप महागड्या सेटच्या स्वभावावर आहे. महाग वस्तू मालकाला रखवालदार बनवते. पुण्यात माझ्या ओळखीत किमान तीन घरांत उत्तम वाद्यं आहेत, आणि तिन्ही केसमध्ये बंद आहेत. पाहुणे आले की केस उघडते, सगळे "वा!" म्हणतात, केस बंद होते. लहान मुलांनी हात लावला की घरात शांतता पसरते.

ड्रमसेटला ही रखवाली मुळीच शोभत नाही, कारण त्याचा जन्मच अनेकांच्या हातांतून झालाय. आपल्या लग्नाच्या किंवा पोलिसांच्या बँडमध्ये बघा, एक जण मोठा ड्रम वाजवतो, दुसरा साइड ड्रम, तिसरा झांजा. अमेरिकेतही तसंच होतं. लहानशा थिएटरमध्ये तीन माणसं परवडेनात, जागा पुरेना, म्हणून एकाच माणसाने सगळं वाजवायच्या युक्त्या निघाल्या. १९०९ साली शिकागोत लुडविग बंधूंनी पायाने वाजवायचं वेगवान पेडल विकायला काढलं आणि मोठा ड्रम पायाखाली आला. पुढे १९२०च्या दशकात झांजांची जोडीही पायाखाली गेली, तीच आजची हाय-हॅट. १९५७च्या सुमारास कातड्याऐवजी प्लास्टिकची पानं आली. हलगी वाजवण्याआधी शेकोटीवर शेकावी लागते ना, तसली दमट हवेची कटकट ड्रमपुरती संपली. थोडक्यात, ड्रमसेट म्हणजे तीन-चार माणसांची कामं एकाकडे दिलेला जुगाड. ती माणसं परत आली तर त्याला आनंदच होत असणार.

आणि आमच्याकडे ती परत आली. गल्लीतला एक मुलगा लग्नसराईत बँडमध्ये पॅड वाजवतो. त्याला पॅडवर ड्रमचे सगळे आवाज बोटांवर पाठ, पण खऱ्या ड्रमवर काठी उलटून हातात परत येते हे त्याला नवीन होतं. दोन रविवारांत त्याने मला मागे टाकलं. नववीतली एक मुलगी येते, तिचा उजवा पाय माझ्यापेक्षा पक्का आहे. आणि कॉलेजात शिकणारा धडगावकडचा एक पावरा मुलगा येतो. होळीला अक्कलकुव्यातल्या काठीची राजवाडी होळी आणि सातपुड्यातले ते प्रचंड ढोल ज्यांनी ऐकलेत त्यांना पुढचं सांगावं लागणार नाही. तो स्टुलावर बसलाच नाही. फ्लोअर टॉमचे पाय काढले, गमछा बांधून टॉम गळ्यात अडकवला आणि उभ्यानेच सुरू झाला. महागडा सेट असता तर मी नक्की ओरडलो असतो, "अरे, पॉलिश!" मध्यम किमतीचा होता म्हणून गप्प बसून ऐकलं. दोन मिनिटांनी ती नववीतली मुलगी बेस ड्रमवर जाऊन बसली आणि त्याच्या लयीला पाय देऊ लागली. त्या खोलीत मी इतका चांगला आवाज कधीच काढलेला नाही.

शुद्धतावाद्यांना हे चालणार नाही. त्यांना मी त्रिलोक गुर्टू ऐकायला सांगेन. शोभा गुर्टूंचा मुलगा, १९५१ साली मुंबईत जन्मलेला. आईची ठुमरी आणि तबला घरात, आणि पुढे जॉन मॅकलाफ्लिनबरोबर जगभर वाजवलं. हा माणूस जमिनीवर बैठक मारून ड्रम आणि तबला एकत्र मांडतो, झांज वाजवून पाण्याच्या बादलीत बुडवतो. ड्रमसेट कसा मांडायचा हे कुठल्या धर्मग्रंथात लिहिलेलं नाही, हे त्याला ऐकलं की पटतं.

आता आक्षेप. पहिला आमच्या आबांचा. सेट घरात आला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "ह्या पैशांत दोन एकर ठिबक झाली असती." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही पूर्ण नाही. शेतकऱ्याच्या घरात चैनीच्या वस्तूचा हिशोब पाण्याशीच होणार, आणि तो रास्त आहे. ठिबक नंतर केली, पण म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही. मी एवढंच म्हणतो, की एकट्याने महिन्यातून दोनदा वाजवायला आणलेला सेट आबांच्या हिशोबात कधीच बसला नसता. आठवड्यातून पाच दिवस चार-पाच पोरं वाजवतात म्हणून तो निदान वहीत तरी आलाय. अक्षरशः वहीत! खोलीची किल्ली आबांकडे असते, आणि कोण किती वाजता आलं ते तेच लिहून ठेवतात.

दुसरा आक्षेप गल्लीचा. पहिल्या आठवड्यात ओट्यावरून हमखास आरोळी यायची, "काय रे भो, कोनं लगीन शे?" आता वेळ ठरली आहे, संध्याकाळी पाच ते सात. बोर्डाच्या परीक्षांत बंद. गल्लीत कुणी गेलं तर तेरा दिवस बंद, तेव्हा विचारावंही लागत नाही. आणि खिडकीत इअरप्लगचा डबा, तो सगळ्यांना सक्तीचा. ८५ डेसिबल आठ तास ही कानाची सुरक्षित मर्यादा धरली तर दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. पोरं कंटाळतात, पण प्लग घातल्याशिवाय आबा काठ्या देत नाहीत.

तिसरा आक्षेप इलेक्ट्रॉनिक सेटवाल्यांचा. हेडफोन लावा, कुणाला त्रास नाही, फ्लॅटमध्येही चालतो. मान्य. रोजच्या सरावासाठी मी स्वतः त्याची शिफारस करतो, आणि अधूनमधून तासावर मिळणारी रिहर्सल रूम घ्या. पण हेडफोनमधलं वाजवणं दुसऱ्याला ऐकू येत नाही, म्हणून दारात कुणी येऊन उभंही राहत नाही. आमच्याकडे आलेली सगळी पोरं आवाज ऐकून आली. मी कुणाला बोलावलं नव्हतं.

"आणि मोडतोड?" होते की. वर्षभरात स्नेअरचं पान दोनदा बदललं, एक क्रॅश झांज कडेला तडकली, काठ्या किती गेल्या ते मोजत नाही. हा खर्च मी सेट घेतानाच धरला होता. म्हणूनच मध्यम! तडकलेली झांज बघून वाईट वाटलं, पण ती कुणी तडकवली हे विचारायची गरज पडली नाही. त्या बँडवाल्या मुलाला यंदा एका ऑर्केस्ट्राने ड्रम वाजवायला बोलावलं, पॅडवर मिळायचे त्यापेक्षा जास्त पैसे मिळाले. पुढची झांज आपण अर्धी-अर्धी घेऊ असं तोच म्हणतोय.

आपल्यापैकी बहुतेकांचं कुठेतरी एक लोणखेडा आहे. तिथे एखादी रिकामी खोली आहे, मागे मोकळी जागा आहे, आणि काहीही हातात दिलं तरी लय धरणारी पोरं आहेत. त्यातल्या बहुतेकांनी ड्रमसेट फक्त मोबाइलवर पाहिलाय. पुण्यातल्या बेडरूममध्ये ज्यावर आता टॉवेल वाळतात तो सेट पाच खोक्यांत मावतो आणि ट्रॅव्हल्सच्या डिकीत आडवा बसतो. हमालीसकट नेण्याचा खर्च एका हॉटेलातल्या जेवणापेक्षा फार जास्त नाही.

असो. घ्यायचाच असेल तर दुकानात एक करा. सेट पसंत पडला की डोळे मिटून कल्पना करा, की शेजारचा बारा वर्षांचा पोरगा दोन्ही हातांत काठ्या घेऊन त्याच्याकडे धावत येतोय. तुम्ही आडवे गेलात तर त्याच्या खालचं मॉडेल बघा.

पानं सुरात कशी लावायची ते पुढच्या शनिवारी. खोलीत कापूस असताना आणि नसताना, दोन्ही प्रकारे लिहीन.